फोर बाय फोर म्हणजे डिफ लॉक असतोच का? (जुनी गाडी, इंदूर)

काळीमाती
मंडळी, चोरलच्या पुढे आमची सहा एकर शेती आहे. डांबरी रस्त्यापासून खोपीपर्यंत सव्वा किलोमीटर माळव्याची काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षीच दिसत नाही, नुसता लाडू फिरतो. मागच्या श्रावणात गाडी फसली, शेजाऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली आणि वर आठ दिवस गावभर सांगत सुटला.

आता देवास नाक्याकडच्या एका डीलरकडे दोन गाड्या पाहिल्यात. एक पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, फोर बाय फोर मॅन्युअल. दुसरी स्कॉर्पिओ फोर बाय फोर. डीलर दोन्हींकडे हात करून म्हणतो, "भिया, लॉक लगा हुआ है, टेंशन मत लो." पण फॉर्च्युनरच्या लिव्हरवर एच, एचएल, एलएल लिहिलंय आणि स्कॉर्पिओला नुसता गोल नॉब आहे. दोन्ही एकच का?

घाटवाला_०९
डोळे मिटून फॉर्च्युनर घ्या.

गिअरकाका
डोळे मिटून काही घेऊ नका. आधी कोणता लॉक, ते विचारा. डिफरेन्शियल (डिफ) म्हणजे वळताना दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. पण एक बाजू घसरली की ताकद तिकडेच वाया जाते, म्हणून तो लॉक करून दोन्ही बाजू बांधतात.

२००९ मध्ये आपल्याकडे आली ती मॅन्युअल फॉर्च्युनर फुल-टाइम आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद कायम जाते. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला एकेक डिफरेन्शियल असतोच, पण त्यासाठी दोघांच्या मध्ये तिसरा लागतो. एचएल टाकलं की हा मधला लॉक होतो. मागचा नाही! म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत गेलं, तर एचएलमध्येही गाडी जागेवर घुरघुरत बसेल. एलएल म्हणजे तोच लॉक, शिवाय लो गिअर (वेग कमी, ओढ जास्त).

स्कॉर्पिओ पार्ट-टाइम, म्हणजे एरवी टू हाय (दोनच चाकांना ताकद), चारही चाकं आपण लावू तेव्हाच. तिला मधला डिफरेन्शियल नाहीच. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात उत्तम, कोरड्या डांबरावर नाही, कारण वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं आणि तो फरक जिरायला जागा नसते.

मागच्या ॲक्सलचा लॉक ही तिसरी वेगळी गोष्ट. २०१५ च्या थारमध्ये आलेल्या मेकॅनिकल लॉकचं उदाहरण घ्या: त्याला बटण नसतं. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो. म्हणून डीलरने जॅकवर चाक हाताने फिरवून दाखवलं तर त्यावर जाऊ नका, हाताने तेवढा वेग येतच नाही. मागचं एक चाक खड्ड्यात लोंबकळवा, हलका ॲक्सिलरेटर द्या. चाक भिरभिरेल, मग "टक" होऊन दुसरंही ओढायला लागेल. नाही लागलं, तर लॉक नाही किंवा मेला.

बडोद्याचा_पाहुणा
पार्ट-टाइमवाल्यांनो, माझी चूक ऐका. नवीन हौस म्हणून फोर हाय टाकून कोरड्या पार्किंगमध्ये यू-टर्न घेत बसलो. स्टीअरिंग जड, टायर कुरकुरायला लागले, मग टू हाय येईचना. मिस्त्रीने चार-पाच मीटर रिव्हर्स घ्यायला लावलं, तेव्हा ताण सुटून निघालं. कोऱ्या गाडीची गोष्ट सांगतोय; जुनी असेल तर आधीच्या मालकाने काय काय केलं असेल देव जाणे.

गिअरकाका
बरोबर. आणि डिफचा प्लग उघडून तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. प्लगला बारीक राखाडी पेस्ट असते, ती चालते; तुकडे दिसले की नमस्कार करून निघा. फुल-टाइममध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर मधला डिफ सरळ रस्त्यावरही काम करत राहतो.

काळीमाती
रविवारी जाऊन आलो. डीलरच्या मागे रिकामा प्लॉट आहे, तिथेच दोन्ही फिरवल्या. स्कॉर्पिओ थांबवली, न्यूट्रल केली, क्लच दाबला, नॉब फोर लोवर (चारही चाकं, लो गिअर) नेला, तर दिवा नुसता लुकलुकतच राहिला. "सेन्सर का है," म्हणे. सेन्सरचं असेल तर तू बदलून ठेव, मग बोलू, म्हटलं. फॉर्च्युनर एचएलला लगेच गेली नाही, दहा-बारा फूट सरकल्यावर दिवा लागला. तेल स्वच्छ होतं. पण पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत, कंपन्याही वेगळ्या. चारही एकसारखे घालून दे, बयाना आजच देतो, असं सांगून आलोय. कालपासून तो फोन उचलत नाहीये.