अनेक वर्षे न झाडलेले घर : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. माझे मामा गेली काही वर्षे एकटेच राहत होते. गुडघे दुखू लागल्यापासून त्यांचे वाकणे बंद झाले, घराची अवस्था पाहून कोणाला आत बोलावण्याचाही त्यांना संकोच वाटू लागला, आणि पाय मोडून ते रुग्णालयात दाखल झाले तेव्हाच आम्हाला आतले खरे चित्र दिसले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढेच घर आहे. मात्र वर्तमानपत्रांचे कमरेएवढे ढीग, ओट्यामागच्या भिंतीवर तेलाचा पिवळा चिकट थर, न्हाणीघराच्या फरशीवर पांढरी कडक पुटे, खिडकीखालच्या कोपऱ्यात काळी बुरशी आणि माळ्यावर उंदरांच्या लेंड्या, असा सगळा पसारा आहे.

तीन आठवड्यांनी मामा घरी परत येतील. काम करणारे आम्ही दोघेच, मी आणि माझी बहीण. गेल्या रविवारी आम्ही दिवसभर ओटाच घासत बसलो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले, फेस पुष्कळ आला, परंतु हात सोलवटले तरी निम्माच ओटा निघाला. आणि सायंकाळी बहिणीने वरच्या फळीवरचे डबे हलवताच त्या निम्म्यावरही जळमटे पडली. हे काम कोणत्या क्रमाने करावे, आणि दोन माणसांच्या आवाक्यात ते खरोखर येते का, हे कृपया कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

आवाक्यात नक्कीच येते, मात्र तुम्ही घासण्यापासून सुरुवात केलीत तिथेच गणित चुकले. अशा घरात पहिले दोन-तीन दिवस पाण्याला हातच लावू नये. आधी केवळ कचरा बाहेर काढावा : रिकाम्या बाटल्या, फुटके डबे, नासलेले जिन्नस, अर्थात ज्याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही तेवढेच. दारापासून न्हाणीघरापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक मोकळी वाट करून घ्यावी, कारण भरलेल्या पिशव्या आणि बादल्या नेण्यासाठी ती दिवसातून शंभर वेळा लागते.

वर्तमानपत्रांविषयी एक सावधगिरी सांगतो. माझ्या आत्याचे घर आवरताना आम्ही रद्दीचे गठ्ठे न पाहताच देऊन टाकले, आणि नंतर कळले की त्यांतच तिने निवृत्तिवेतनाची कागदपत्रे सांभाळून ठेवली होती. म्हणून प्रत्येक गठ्ठा झटकून पाहावा, आणि हस्ताक्षरातले, छायाचित्र असलेले किंवा शिक्का असलेले जे काही सापडेल ते न वाचता एका खोक्यात टाकावे. वाचत बसलात तर दिवस तिथेच संपतो. ज्या वस्तूंविषयी शंका असेल त्यांचेही एक खोके करावे आणि त्यांचा निर्णय मामांनाच घेऊ द्यावा. आपल्या माघारी आपले घर कोणी रिकामे केले ही भावना आजारी माणसाला फार लागते. तुम्ही अजून त्यांना विचारले नसेल, तर उद्याच रुग्णालयात जाऊन विचारावे.

खोली मोकळी झाल्यावर क्रम साधा आहे : वरून खाली, आणि कोरडे आधी, ओले नंतर. छताची जळमटे, पंख्याची पाती, कपाटांचे माथे, मग भिंती आणि सर्वांत शेवटी फरशी. धुळीवर थेट ओले फडके फिरवले तर तिचा चिखल होतो, आणि तो काढण्याचे काम दुप्पट. विजेची बटणे आणि पंखे पुसण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी, आणि तिथे पाणी न शिंपडता पिळलेल्या फडक्यानेच पुसावे. एक खोली पूर्ण केल्याखेरीज दुसरीला हात लावू नये. पहिली म्हणून शक्यतो न्हाणीघर घ्यावे, म्हणजे हात धुण्यासाठी आणि पाणी घेण्यासाठी एक तरी स्वच्छ जागा मिळते.

प्रतिसाद २

वरील क्रमाशी मी सहमत आहे. मला बोलायचे आहे ते सोडा आणि व्हिनेगर यांच्या फेसाविषयी. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी. दोन्ही एकत्र केले की ते एकमेकांना निष्प्रभ करतात, कार्बन डायऑक्साइडचा फेस उडून जातो आणि मागे उरते ते बहुतांशी सोडियम ॲसिटेट मिसळलेले पाणी. तुमचे हात सोलवटले ते या पाण्याने घासून. वेगवेगळे वापरले असते, तर दोन्ही आपापल्या जागी उपयोगी पडले असते.

तेलाचा चिकटा अल्काने सुटतो. एक लिटर गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन मोठे चमचे आणि भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब घालून त्यात फडकी भिजवावीत, ती ओट्यावर आणि भिंतीच्या टाइलांवर चिकटवून अर्धा तास तशीच राहू द्यावीत, आणि मग प्लास्टिकच्या खरडणीने थर वरच्या वर उचलावा. उरलेल्या पातळ थरासाठी हेच पुन्हा करावे, जोर वाढवू नये. हातमोजे आवश्यक आहेत, आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूंना हे पाणी लावू नये, कारण ते धातू खाते. रंगवलेल्या भिंतीवर आधी कोपऱ्यात लावून पाहावे, कारण जुना रंगही त्याबरोबर निघू शकतो.

न्हाणीघरातली पांढरी पुटे म्हणजे जड पाण्यातले क्षार, आणि त्यांवर साबणाशी त्यांचा संयोग होऊन बसलेला थर. इथे आम्लच हवे. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते. नळाला त्यात भिजवलेले फडके गुंडाळून तासाभराने काढले, तर पुट नखानेही निघते. संगमरवरावर आणि चुनखडीच्या दगडावर मात्र आम्ल कधीही वापरू नये, कारण दगडच विरघळू लागतो आणि त्याची चकाकी कायमची जाते.

सर्वांत महत्त्वाचे : ब्लीच कोणत्याही आम्लयुक्त द्रवात, विशेषतः शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये, मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या द्रवाबरोबरही ब्लीच विषारी वायू निर्माण करते. शिवाय मळावर ओतलेले ब्लीच मळातच खर्ची पडते. जंतुनाशक वापरायचेच असेल, तर ते धुऊन झालेल्या पृष्ठभागावर वापरावे आणि वेष्टनावर लिहिलेला वेळ तो ओला राहू द्यावा.

प्रतिसाद ३

माळ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत आणि व्हॅक्यूमनेही ओढू नयेत. त्यांची धूळ श्वासावाटे आत गेल्यास हंतासारख्या विषाणूंचा संसर्ग होऊ शकतो. खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे, मग मुखपट्टी आणि रबरी हातमोजे घालून त्या जागेवर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण शिंपडावे, पाच मिनिटे भिजू द्यावे आणि कागदाने टिपून बंद पिशवीत टाकावे. उंदीर पेन्सिलीच्या जाडीच्या भोकातूनही शिरतो, तेव्हा अशी भोके स्टीलच्या काथ्याने बुजवल्याखेरीज ही मेहनत व्यर्थ जाईल.

बुरशीचेही तसेच आहे. डाग चौरस मीटरहून लहान असेल तर साबणाच्या पाण्याने घरीच पुसता येतो, परंतु खिडकीखालची ओल कुठून येते ते शोधले नाही, तर रंगाखालूनही ती पुन्हा वर येईल. ज्यांना दमा आहे त्यांनी या दोन्ही कामांपासून दूरच राहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामांना विचारले, प्रथम ते बोलले नाहीत, मग म्हणाले की निळ्या ट्रंकेला हात लावू नका, बाकीचे तुम्ही ठरवा. सोड्याच्या पाण्याने ओट्यामागची भिंत दोन तासांत निघाली, आणि तिच्या टाइलांवर निळी फुले आहेत हे आम्हाला प्रथमच कळले. आता एकच अडचण उरली आहे. मामांच्या गादीला लघवीचा उग्र वास येतो. गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवली, तरी तो जात नाही.

प्रतिसाद २

गरम पाणी वापरायला नको होते, त्याने असे डाग अधिक पक्के बसतात. शिवाय लघवीतल्या युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे दमट हवेत वास परत येतो. कपड्यावरचा ताजा डाग असता तर विकरयुक्त (म्हणजे डाग विघटित करणारे एन्झाइम असलेला) द्रव सुचवला असता, पण अनेक वर्षे कापसात खोलवर मुरलेल्या वासापर्यंत तो पोहोचत नाही. गादी टाकून द्यावी आणि नव्या गादीवर पहिल्या दिवसापासून जलरोधक खोळ घालावी. पलंगाच्या फळ्या मात्र धुऊन, उभ्या ठेवून पूर्ण वाळवाव्यात, कारण वास त्यांतही मुरलेला असतो.