हत्ती धरून न्या म्हटलं तर चुकलं काय?

खानापूरवाला:
परवा पहाटे इकडं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या शेतात तीन हत्ती आले. भात कापून पसरलेलं होतं. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. पायाच्या ठशात पाणी साचलेलं, त्यात लोंब्या तरंगत होत्या. माझं मत सरळ आहे: धरा आणि वनखात्याच्या हत्ती कॅम्पात न्या. दांडेलीचं जंगल त्यांचं, पण भात माझं.

टिळकवाडीकर:
काका, नुकसान खरंच वाईट. पण सिंधुदुर्गात 2015 साली तीन हत्ती धरले, म्हणून दोडामार्ग-चंदगडात हत्ती यायचे थांबले का? तिकडचेही मूळचे दांडेलीकडूनच गेलेले. वाट आहे तोवर दुसरा येणारच. शिवाय जंगलाला खेटून ऊस लावायचा आणि मग हत्तीला दोष द्यायचा!

खानापूरवाला:
ताई, ऊस नव्हे हो, भात! भीमगड अभयारण्य 2011 चं, आमची शेती आज्जाच्या आधीपासूनची. कोण कुणाला खेटलं?

जांबोटीचा पाव्हणा:
दोघं भांडा, पण भरपाईचं बोला की! आमचा उतारा अजून आज्जाच्या नावावर, वाटेकरी अकरा, त्यातले दोघे मुंबईला. अर्ज कन्नडातला, भरून घ्यायला शंभर रुपये. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत पुढचं पीक कापणीला येतं. हत्तीवर राग एका रात्रीचा, कचेरीवरचा वर्षभराचा.

टिळकवाडीकर:
हे पटलं. पण सोलर कुंपण का घालत नाही?

जांबोटीचा पाव्हणा:
घातलंय. पावसाळ्यात गवत तारेला लागलं की झटका मरतो. आणि हत्ती शहाणा, वाळकं झाड तारेवर पाडून आत येतो. काहीजण वैतागून थेट लाईनचा करंट सोडतात. त्याला मात्र माझा विरोध. हत्ती मेला तर जेल आहेच, चुकून आपलंच पोर चिकटलं तर?

खानापूरवाला:
करंटचं मी बोललोच नाही. आमची आई अजून ठशाला हळदकुंकू वाहते, "गणपती येऊन गेला" म्हणते. वाहू दे. पण तिला राखणीला शेतातल्या माळ्यावर जागायचं नसतंय. आज पाळी माझी आहे आणि बॅटरीचे सेल संपलेत.

जांबोटीचा पाव्हणा:
माझ्याकडं दोन आहेत, येताना घेऊन जा. फटाके मात्र तुमचे.