मदत हवी आहे: व्हिडिओ एडिटिंग झाल्यावर मूळ फायली ठेवायच्या की उडवायच्या?

नमस्कार मंडळी. खानापूरच्या घरातल्या जुन्या मिनी डीव्ही टेप (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) बेळगावात नेऊन कॉम्प्युटरवर घेतल्या. तासाभराच्या एका टेपला साधारण १३ जीबी! वर भावाच्या मोबाईलवरचं शिवजयंतीच्या चित्ररथांचं फोर-के शूटिंग. लॅपटॉप गच्च भरलाय.

एडिटिंग शॉटकट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. प्रोजेक्टच्या फायलीत क्लिप नसतात, नुसता त्यांचा पत्ता असतो. त्यामुळे मूळ फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवायला हात धजत नाही. फोल्डरची नावं तीच ठेवली तर क्लिप परत जोडता येतात का? प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या) उडवतोच, त्या पुन्हा बनतात. पण टेपच्या एव्हीआय फायली एच.२६४ मध्ये (म्हणजे दाबून लहान) करून मूळ काढाव्यात? मला पटत नाही, आज्जीच्या ओव्या त्यातच आहेत. बाबांचं एकच, "सीडीवर घाल की रे!"

दोन हार्ड डिस्क घ्याव्यात का? कुणी केलं असेल तर सांगा.