गालफुगीनंतर एक बाजू बारीक झाली, लेकरू होईल का?

पांढरंसोनं (सेलू तालुका)

नाव देत नाही, इकडं सगळे ओळखीचे. वय २९. कापूस, सोयाबीन, अन् सीझनला जिनिंगवर हिशोबाचं काम. लग्नाआधीच्या दिवाळीत बहिणीची लेकरं आली होती, त्यांच्या शाळेत गालफुगीची साथ. लेकरं लगेच खेळायला लागली, मी मात्र आडवा झालो. दोन्ही गाल फुगले, माय हळद-चुन्याचा लेप लावायची. गाल उतरत आले तसा परत थंडी वाजून ताप आला अन् उजवीकडची गोटी इतकी सुजली की चालणं मुश्कील. घरात सांगायची सोय नाही. मेडिकलवरून गोळ्या आणल्या, हळूहळू उतरलं.

आता लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं. बायकोला नांदेडला नेलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्सरे झाला, सगळं नॉर्मल. तरी माय तिलाच उपास धरायला लावायली, मावशी एका देवऋषीचं नाव सांगायली. माझी तपासणी करा असं कोणीच म्हणालं नाही. इकडं उजवी गोटी डावीपेक्षा बारीक अन् मऊ लागते. त्यात या पावसाळ्यात डेंगू झाला, तेव्हापासून इच्छापण कमीच. गालफुगीनं माणूस कायमचा बाद होतो का? अन् बायकोला माझ्यापासून काही लागेल का?

गोदाकाठ (गंगाखेड)

भाऊ टेन्शन घेऊ नका. आमच्याकडं एक जण पुडी देतो, दुधातून घ्यायची. लई जणांना गुण आलाय. मेसेज करा, पत्ता देतो.

लॅबवाला_परभणी

गोदाकाठ, पुडी राहू द्या. तिच्यात काय घातलंय ते देणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

सेलूकर भाऊ, मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीर्य तपासणी माझ्या टेबलावर रोज येते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय ते सगळं गालफुगीच्या ठरलेल्या वाटेनं गेलेलं दिसतंय. लहानपणी झाली तर गोट्यांना सहसा काही होत नाही. वयात आल्यावर झाली तर दर दहा पुरुषांत दोघा-तिघांच्या गोटीला सूज येते, ती बहुतेक गाल फुगल्यावर आठवड्याभरात. गोटीवर बाहेरून एक चिवट आवरण असतं, ते ताणत नाही. आत सूज आली की दाब आतल्या बारीक नळ्यांवर येतो, आणि शुक्राणू तयार होतात ते नेमके त्याच नळ्यांत. म्हणून सुजलेल्या गोट्यांपैकी बऱ्याच, जवळजवळ निम्म्या, पुढं थोड्याफार बारीक होतात.

पण सूज बहुतेकांना एकाच बाजूला येते, आणि एक गोटी धड असली तर लेकरू व्हायला तेवढी पुरते. दोन्ही सुजल्या तरी पूर्ण वांझपण क्वचित येतं. कोणी ‘बाद’ म्हणत असेल तर त्याला आधी रिपोर्ट मागा.

आता रिपोर्टचं. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जे आकडे दिले त्यात एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हलणारे, ही खालची रेघ आहे. ही पास-नापासची रेघ नाही. हे आकडे वर्षभरात ज्यांच्या बायकोला दिवस गेले अशा पुरुषांवरून काढलेत, आणि त्या बाप झालेल्यांतलेही शंभरात पाच जण या रेघेखालीच होते. आमच्याकडं माणूस कागदावर ‘कमी’ वाचतो आणि जिना उतरायच्या आत रडकुंडीला येतो. एका रिपोर्टवर काहीच ठरवायचं नसतं.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट, डेंगू. ताप कशाचाही असो, डेंगू, चिकुनगुन्या, कोरोना, १०२-१०३ चढला की शुक्राणू घटतात. ते तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून श्रावणातल्या तापाचा हिशोब कार्तिकात दिसतो. ताप जाऊन तीन महिने झाले नसतील तर आत्ताचा रिपोर्ट मुळात आहे त्यापेक्षा वाईट येऊ शकतो. तरी एकदा करून ठेवा, मग तीन महिन्यांनी परत करा आणि दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.

इच्छेचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवणाऱ्या पेशी त्या नळ्यांच्या मधल्या जागेत असतात आणि शुक्राणूंच्या पेशींपेक्षा टणक असतात. दुसरी गोटी चांगली असताना केवळ गालफुगीमुळं इच्छा गेली असं सहसा होत नाही. डेंगूनंतरचा थकवा, त्यात घरची कटकट, हे जास्त शक्य आहे. शंका नको म्हणून सकाळी रक्त द्या, टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच (गोट्यांना शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन). पण ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चुकूनही टोचून घेऊ नका. जिमची पोरं घेतात. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू गोट्यांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. असे रिपोर्ट मी फुगवलेल्या दंडाच्या पोरांचे छापलेत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: गोटी अचानक दुखायला लागली, वर ओढल्यासारखी झाली, ओकारी आली, तर गालफुगी-बिलफुगी म्हणत घरी बसू नका. तिला पीळ बसलेला असू शकतो. मग सहा तासांच्या आत ऑपरेशन लागतं, नाहीतर गोटी जाऊ शकते.

सिस्टर_अंबाजोगाई

लॅबवाले दादांनी सगळं सांगितलं, मी दोनच गोष्टी घालते. सरकारी लसीकरणात लेकरांना एमआर मिळते, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालफुगीची लस त्यात नाही. ती एमएमआरमध्ये असते आणि ती खासगीत विकत घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे तीन डोस सांगते. आमच्याकडं आया म्हणतात, “सगळे डोस झाले की सिस्टर!” कार्ड उघडून दाखवलं की गप्प होतात. बहिणीच्या लेकरांना आता होऊन गेली, पण घरात आणखी लहान कोणी असेल तर विचारा.

वहिनींना आता तुमच्यापासून गालफुगी लागणार नाही. ती थुंकीतून, खोकल्यातून पसरते, आणि तुमची कधीच बरी झाली. पण त्यांना रुबेलाची लस मिळाली होती का हे दिवस जायच्या आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ती देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात.

आणि भाऊ, नळ्यांचा एक्सरे दुखतो. तुमची तपासणी एका डबीत होते. ती आधी व्हायला पाहिजे होती. हे तुम्हाला नाही, तिकडं ज्यांनी फाईल उघडली त्यांना म्हणते.

नावनको (बीड)

माझं दुखणं वेगळं, पण वाचून लिहावं वाटलं. ऊसतोडीला जायचो, तिकडून एचआयव्ही घेऊन आलो. वाटलं संसार संपला. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, गोळी रोज घेतली, रक्तात विषाणू सापडत नाही असे रिपोर्ट लागोपाठ आल्यावर डॉक्टरांना विचारूनच लेकरू होऊ दिलं. बायको निगेटिव्ह, पोरगी निगेटिव्ह. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. तिथं जायला लाजू नका, एवढंच.

पांढरंसोनं (सेलू तालुका)

सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं, बीडच्या दादाचंपण. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “उपास सोमवारी सोडते. तुमच्या मायला तुम्ही सांगा.” सांगितलं. माय अजून फुगून बसलीय, पण देवऋषी रद्द.

लॅबवाले दादा, नमुना घरून आणला तर चालेल का? लॅबच्या त्या खोलीत जमेल का नाही सांगता येत नाही. निरोधात घेऊन आणू का?

लॅबवाला_परभणी

निरोधात नको, त्यावरच्या चिकट पदार्थानं शुक्राणू मरतात. तेल, थुंकी, साबणपण लावू नका. डबी आमच्याकडून आधी घेऊन जा. घरून आणायचा तर तासाभरात माझ्या हातात पाहिजे, आणि सेलूहून मोटारसायकलवर ते अवघडच. त्यापेक्षा परभणीत कोणी पाहुणे असतील तर सकाळी त्यांच्याकडून निघा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, डिकीत नको. आधी किमान दोन दिवस, जास्तीत जास्त सात दिवस परहेज, म्हणजे वीर्य बाहेर पडू द्यायचं नाही. थोडा जरी सांडला तरी सांगा, लपवू नका, पहिला भाग सांडला तर आकडा चुकतो.

खोलीची काळजी करू नका. आतून कडी आहे, कोणी दार वाजवत नाही, आणि पाटीवर फक्त ‘नमुना कक्ष’ लिहिलंय. दहाच्या आत या, रविवारी बंद असतं. रिपोर्ट आला की आधी सर्जरीच्या नाहीतर मूत्ररोगाच्या डॉक्टरांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. बायकोची फाईल सोबत न्या.