मदत हवी आहे: वस्तू शोधण्याच्या रहस्य-खेळांची ओढ नेमकी कशामुळे लागते?

नमस्कार. माझी आई गेले वर्षभर रोज दुपारी टॅबवर ‘जून्स जर्नी’ खेळते. बर्लिनच्या वूगा कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या या खेळात १९२० च्या दशकातली जून पार्कर आपल्या बहिणीच्या मृत्यूचा छडा लावते. आई मात्र तेच दृश्य पुन्हा पुन्हा खेळते, आणि पडद्याच्या चुणीत मिसळून गेलेला हातपंखा सापडला की तिचा चेहरा अक्षरशः उजळतो.

मला वाटते, कथेपेक्षा हे शोधणेच तिला बांधून ठेवते. उशीर झाला तर गुण कमी मिळतात, पण हार होत नाही, याचाही तिला मोठा दिलासा असावा. आपण स्वतः असे खेळ खेळत असाल, तर आपल्याला रहस्य खेचते की शोध, हे कृपया सविस्तर सांगावे.

शिवाय, दृश्य खेळताना खर्च होणारी ‘एनर्जी’ संपली की ती भरेपर्यंत थांबावे लागते आणि आईचा विरस होतो. तेव्हा एकदाच पैसे भरून निवांत खेळता येईल, अक्षरे मोठी असतील, असा टॅबवरचा एखादा खेळ स्वानुभवावरून सुचवावा, ही विनंती.