मदत हवी आहे : अलेप्पीची हाऊसबोट, सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. सामान काय न्यावं?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केरळला निघतोय. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलम, तिथून टॅक्सीने मुन्नारला दोन रात्री, मग अलेप्पीला एक रात्र हाऊसबोट. आम्ही दोघं, पाच वर्षांची लेक आणि माझी आई.

खरं तर हा सगळा घाट आईसाठी घातलाय. वय ७१. तिचं लहानपण वाईला, कृष्णेच्या घाटावर गेलं. एकदा तरी पाण्यावर झोपायचंय, असं कितीतरी वर्षं म्हणते. गेल्या वर्षी एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसराही दुखतोच. मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. त्यात पूर्ण शाकाहारी.

बोटवाल्याने फोनवर सांगितलं की दुपारी १२ ला चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरायचं. बाकी सगळं ‘नो प्रॉब्लेम’. माझ्या मनाचं समाधान झालेलं नाही.

मुन्नारला थंडी, अलेप्पीला उकाडा, म्हणजे दोन्हीकडचे कपडे आले. बोटीतल्या खोलीत दोन मोठ्या बॅगा मावतात का? इन्सुलिनची सोय काय करावी? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे आईला बोटीत चढता येईल ना? ज्यांनी वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, म्हणून चढण्याचंच आधी सांगते. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. तुमची बोट तिसरी असेल तर आधीच्या दोन बोटींमधून जावं लागतं. दोन बोटींच्या मध्ये वीतभर फट, खाली हिरवं पाणी, आणि दोन्ही कठडे वरखाली हलत असतात. सासूबाई तिथेच थांबल्या. शेवटी खलाशाने दोन्ही हात धरून त्यांना पलीकडे घेतलं. तेव्हा आजच फोन करून ठरवा की बोट थेट धक्क्याला लावून द्यायची आणि फळी टाकायची. आईंना साडीऐवजी पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम. चपला बोटीत काढायलाच लावतात, त्यामुळे पटकन निघणाऱ्या, न घसरणाऱ्या घाला. डेकवर लाकूड गुळगुळीत असतं, आईंना नुसते मोजे घालून फिरू देऊ नका.

मोठ्या बॅगा टॅक्सीच्या डिकीतच राहू द्या. स्वेटर, शाली सगळं तिथे. बोटीत एका रात्रीची एकच सॅक. औषधं मात्र गाडीत ठेवू नका, बंद डिकी फार तापते. इन्सुलिन थंड पाऊचमधून न्या आणि चढल्या चढल्या बोटीच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या.

प्रतिसाद २

थोडी भर. एसी दिवसभर चालतो की फक्त रात्री, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बऱ्याच बोटींवर रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच असतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर कोळी जाळी टाकतात. मग डास येतात. ओडोमॉस आणि मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

बोट बांधली की बांधावर चक्कर मारतात. अलेप्पीच्या आसपासच्या कुट्टनाड भागात भातशेती पाण्याच्या पातळीखाली आहे, बांधावरून शेतं खाली आणि कालवा वर दिसतो. बघण्यासारखं आहे, पण वाट अरुंद, म्हणून टॉर्च आणि आईंची काठी न्या. मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हेही विचारून घ्या.

जेवणाचं आदल्या दिवशी कळवा, नाहीतर करिमीन मासा तळून समोर येईल. शाकाहारी जेवणात भात, सांबार, तोरण (म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी) असतं. पोळ्या सांगितल्या तर करतात. तरी मधुमेह आहे, तेव्हा दशम्या आणि भाजलेले शेंगदाणे जवळ असू द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच बोटवाल्याशी बोललो. थेट धक्क्याला लावून देतो म्हणाला, पण १२ ऐवजी साडेअकराला या, गर्दी व्हायच्या आत. आईला सांगितलं तर तिने लगेच कपाटातून काठी काढून पुसून ठेवली.

एकच राहिलं. रात्री बाथरूमला उठायचं तर खोलीच्या दाराला उंबरा असतो का?