सेल्युलर जेलमध्ये जपान्यांची तीन वर्षं कुणी सांगायची?

निळीशाई:

दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन अंदमानला जाऊन आले. आपल्याकडची बहुतेक माणसं ज्यासाठी जातात त्याचसाठी गेलो होतो, सावरकरांची कोठडी बघायला. बाबा चपला काढून आत गेले आणि भिंतीला हात लावून कितीतरी वेळ नुसते उभे राहिले, मला फोटो काढवेना. त्या भागाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, तो तसाच राहिला पाहिजे.

म्हणणं पुढचं आहे. आमच्या टूरच्या गाइडने कोलू, काथ्या, बारी जेलर, फाशीघर सगळं अगदी जीव ओतून सांगितलं आणि मग एका दमात "नंतर जपानी आले, नेताजींनी झेंडा फडकवला, अंदमान स्वतंत्र झालं" म्हणून आम्हाला बाहेर काढलं. मी पण शाळेपासून एवढंच ऐकत आलेय. रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले तर डोकं सुन्न झालं.

23 मार्च 1942 ला जपानी पोर्ट ब्लेअरला उतरले. ब्रिटिश फौज आधीच निघून गेलेली, लढाई झालीच नाही. सैनिक घरांत घुसायला लागले म्हणून झुल्फिकार अली नावाच्या एका तरुणाने छऱ्याची बंदूक उडवली, कुणी मेलं नाही, तरी त्याला लोकांसमोर ठार मारलं. आणि मग डॉ. दिवाण सिंग. हा माणूस डॉक्टर, पंजाबीतला मोठा कवी, आणि तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचा (जपानच्या मदतीने स्वातंत्र्य मिळवू पाहणारी संघटना) अध्यक्ष, म्हणजे कागदावर जपान्यांच्याच बाजूचा. त्यांना ऑक्टोबर 1943 मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली धरलं आणि याच सेल्युलर जेलमध्ये अडीच महिन्यांच्या वर हालहाल करून मारलं, 14 जानेवारी 1944. आता तारखा लावून बघा. नेताजींनी झेंडा फडकवला 30 डिसेंबर 1943 ला. म्हणजे बाहेर मैदानात झेंडा वर जात होता तेव्हा दिवाण सिंग आत कोठडीत जिवंत होते. आणि बरोब्बर एक महिन्याने, 30 जानेवारी 1944 ला, पोर्ट ब्लेअरजवळच्या होमफ्रेगंजला 44 भारतीयांना गोळ्या घातल्या, त्यात लीगचीच माणसं होती.

मला वाटतं या तीन वर्षांना त्या जेलच्या संग्रहालयात स्वतःचं मोठं दालन पाहिजे, आणि त्यावर "मुक्ती" नाही तर "जपानी ताबा" असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

रणशिंग:

पूर्ण असहमत. दिवाण सिंगांबद्दल आदर आहे, पण तुम्ही जे मागताय त्याचा परिणाम काय होईल याचा विचार करा. ब्रिटिशांनी 1858 पासून ऐंशीच्या वर वर्षं त्या बेटांचा तुरुंग करून ठेवला, हजारो माणसं तिथे कुजवली, तो ताबा नव्हता का? मग फक्त जपान्यांच्याच दालनावर "ताबा" का लिहायचं? परकी फौज 1942 ला नाही आली, ती आधीपासून होतीच, फक्त बदलली.

आणि 30 डिसेंबर म्हणजे काय साधी तारीख आहे का हो. भारताच्या भूमीवर भारतीय सरकारच्या नावाने झेंडा लागला, तो पण ज्या गावात काळ्या पाण्याचा तुरुंग आहे तिथे. बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं दिली. ज्या माणसाने घरदार, आयसीएस, सगळं सोडलं त्याचा तो दिवस. त्या दिवसाच्या शेजारी तुम्ही प्रेतं मांडून ठेवणार आणि सहावीतलं पोरगं बाहेर येऊन म्हणणार की नेताजी जपान्यांबरोबर होते. हे मला सहन होणार नाही. जपान्यांनी जेलची दारं उघडून कैदी सोडले होते हे पण लिहा की मग.

जुनेकागद:

रणशिंग, कैदी सोडले हे खरं, पण ते साधे गुन्हेगार होते. राजकीय कैदी 1937 च्या मोठ्या उपोषणानंतर 1938 पर्यंत सगळे मुख्य भूमीवर परत नेलेले होते, त्यामुळे जपान्यांनी क्रांतिकारक सोडवले ही जी समजूत फिरते ती बरोबर नाही. सावरकर बंधू तर 1921 लाच तिथून हलवलेले.

दुसरं, आझाद हिंद सरकारकडे बेटं "दिली" म्हणजे नक्की काय दिलं हे पण बघा. नेताजींनी नेमलेले चीफ कमिशनर लेफ्टनंट कर्नल लोगनाथन फेब्रुवारी 1944 मध्ये तिथे पोचले, त्यांनी पोलीस खातं मागितलं, जपानी नौदलाने दिलं नाही. हातात आलं ते शिक्षण खातं. लोकांना रात्री उचलून नेणारे पोलीस ज्याच्या ताब्यात नाहीत त्याला सरकार म्हणायचं का हा प्रश्न मी नाही काढलेला, तो खुद्द लोगनाथन यांनीच त्या मागणीतून काढला होता असं मी समजतो. त्याच वर्षी ते आजारी होऊन परत गेले. मला उलट वाटतं की लोगनाथनांची गोष्ट सांगितली तर आझाद हिंदची मान खाली जात नाही, वरच जाते, कारण त्यांचा माणूस तिथे जपान्यांशी भांडत होता.

अबर्डीनबझार:

मी आठवी ते बारावी पोर्ट ब्लेअरला होतो, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. तुम्ही सगळे तारखांवर भांडताय म्हणून लिहितोय.

आमच्या शेजारी एक आजी होत्या, लोकल बॉर्न, म्हणजे त्यांचे आजोबा काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले आणि मग तिथेच राहिलेले. त्यांच्याकडे जेवायला बसलं की एक गोष्ट दिसायची. भाताचं पातेलं रिकामं झालं की त्या त्यात पाणी घालायच्या, बोटांनी तळ खरवडायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. घरात तांदळाचं पोतं भरलेलं असायचं तरी. आणि रताळं त्यांच्या घरात कधी येत नसे, मी एकदा आईने उकडलेली रताळी घेऊन गेलो तर त्यांनी हातच लावला नाही, सून हळूच म्हणाली "जपानी टाइम में वही खाया ना". त्या स्वतः कधी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या वडिलांना विमानतळाच्या कामावर नेलं होतं, वेठीला, एवढंच माहीत आहे. तुम्ही लोक ज्या लांबा लाइनच्या धावपट्टीवर उतरता तिची सुरुवात जपान्यांनी अशीच माणसं राबवून केलेली आहे.

आणि ऑगस्ट 1945 चं तर कुणी बोलतच नाही. अन्न संपत आलं तेव्हा म्हातारे, आजारी, ज्यांचा कामाला उपयोग नाही अशा शेकडो लोकांना सांगितलं की दुसऱ्या बेटावर शेती करायला नेतो, बोटीत भरलं आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. जे पोहत काठाला लागले त्यातले बहुतेक उपाशी मेले. त्या हॅवलॉकला 2018 पासून स्वराज द्वीप म्हणतात. लोक तिथे हनिमूनला जातात, जावं, किनारा सुंदरच आहे, पण जेट्टीवर उतरल्यावर दिसेल असा एक दगड तरी पाहिजे ना.

रणशिंग:

अबर्डीनबझार, आजींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तरी माझा मुद्दा तोच आहे. नेताजींना हे माहीत होतं का? ते तीन दिवस होते, जपान्यांनी दाखवलं तेवढंच बघितलं. त्यांना दोष देणार का?

निळीशाई:

मी कुठे दोष दिलाय? मी लिहिलंय की तारखा लागून आहेत. माझं म्हणणं एवढंच की झेंडा खरा होता आणि कोठडीतला माणूस पण खरा होता, आणि दोघं एकाच गावात एकाच दिवशी होते. एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं हे मला जमत नाही. तुम्ही म्हणता सहावीतलं पोरगं गोंधळेल. गोंधळू दे की. माझ्या बाबांचं वय 71, ते सेल्युलर जेलमधून बाहेर आले तेव्हा त्यांना दिवाण सिंग हे नाव माहीत नव्हतं. त्यांच्या नावाचा गुरुद्वारा पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, आमची गाडी पण त्या भागात फिरली असेल, कुणी दाखवला नाही.

खाडीपलीकडे:

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मागच्या मे महिन्यात जर्सी बेटावर होतो. ते बेट 1940 ते 1945 जर्मनांच्या ताब्यात होतं. 9 मे ला तिथे लिबरेशन डे असतो, सुट्टी, झेंडे, म्हाताऱ्या माणसांना पुढच्या रांगेत खुर्च्या. जर्मनांनी वेठबिगारांकडून खोदून घेतलेल्या बोगद्यातच संग्रहालय केलंय, आत गेलं की गार ओल लागते अंगाला. पण मला जे लागलं ते हे, की तिथे फक्त शौर्य नाही ठेवलेलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध जर्मनांना चिठ्ठी पाठवली, कुणाकडे चोरून रेडिओ आहे म्हणून, ते पण सांगितलंय. बाजूच्या गर्न्सीमधून तीन ज्यू बायका पाठवल्या गेल्या आणि ऑशविट्झमध्ये मेल्या, आणि ज्यूंची नोंदणी बेटावरच्याच अधिकाऱ्यांनी केली होती, हे पण आता तिथली माणसं उघड बोलतात. अनेक दशकं नाही बोलली. आपल्याला पण वेळ लागेल पण सुरुवात करायला काय हरकत आहे.

रणशिंग:

जर्सीचं उदाहरण इथे बसत नाही. त्यांच्याकडे जे परत आले ते त्यांचेच होते. आपल्याकडे ऑक्टोबर 1945 मध्ये कोण परत आलं? इंग्रज. ज्यांनी तो तुरुंग बांधला ते. त्याला तुम्ही मुक्ती म्हणणार? माझ्या जिभेवर तो शब्द येत नाही. म्हणून म्हणतो की मुक्ती म्हणायचीच असेल तर 30 डिसेंबर म्हणा नाहीतर 15 ऑगस्ट 1947 म्हणा.

अबर्डीनबझार:

हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि याचं उत्तर पुण्यात एक आणि पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात दुसरं येतं. जपान्यांनी शरणागती दिली पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर, जिथे नेताजींनी झेंडा लावला होता त्याच मैदानावर, आणि ती घ्यायला उतरलेली 116 वी ब्रिगेड ही भारतीय पायदळाची होती, ब्रिगेडियर इंग्रज. दारात आलेला माणूस हिंदुस्थानीत बोलत होता आणि त्याच्याकडे तांदूळ होता. उपाशी माणसाला विचारून बघा मुक्ती कशाला म्हणतात. शिवाय 1945 लाच इंग्रजांनी ती दंडवसाहत कायमची बंद केली, कैद्यांना माफी देऊन घरी जायची मोकळीक दिली. म्हणजे काळं पाणी कागदोपत्री संपलं ते तेव्हा. लोकल बॉर्न घरांमध्ये याची आठवण आहे, कारण त्यांचे बापआजे त्याच शिक्षेने तिथे आलेले. इंग्रजांवर प्रेम आहे म्हणून नाही हो, त्यांच्या आयुष्यात ते घडलं म्हणून.

जुनेकागद:

एक भर घालतो. हेरगिरीचा संशय कुठून आला ते पण दालनात पाहिजे. जानेवारी 1943 मध्ये पोर्ट ब्लेअरचाच माजी पोलीस अधिकारी मेजर मॅकार्थी पाणबुडीतून गुपचूप उतरून रेकी करून गेला होता, पुढे पण ब्रिटिशांच्या तुकड्या जंगलात येऊन राहिल्या. दोस्त राष्ट्रांच्या हल्ल्यांत जपानी रसद बुडायची, माहिती बाहेर जातेय एवढं जपान्यांना कळत होतं, जंगलातली माणसं सापडत नव्हती, मग जे सापडले त्यांच्याकडून छळ करून कबुलीजबाब घेतले. म्हणजे 44 माणसं दोन साम्राज्यांच्या मध्ये चिरडली गेली. हे सांगितलं तर रणशिंग यांची जी भीती आहे, की इंग्रज चांगले ठरतील, ती राहत नाही. आणि फक्त पोर्ट ब्लेअरवर थांबू नका, कार निकोबारला पण माणसं मारली गेली. तिथले जॉन रिचर्डसन, पुढे बिशप झाले, 1952 च्या पहिल्या लोकसभेत या बेटांचे नियुक्त सदस्य होते, त्यांना पण जपान्यांनी मृत्युदंड सुनावलेला, युद्ध संपलं म्हणून वाचले.

रणशिंग:

मॅकार्थीचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, दालन करा, मी दालनाला विरोध मागे घेतो. होमफ्रेगंजच्या 44 जणांची नावं पण लावा, मोठ्या अक्षरात, ते आपलेच होते. पण 30 डिसेंबर एका कोपऱ्यात ढकलणार असाल तर मी भांडणार, आणि पाटीवर 1945 ला "मुक्ती" हा शब्द लिहायला माझी संमती नाही, कधीच नाही.

निळीशाई:

तुमचा शब्दाचा आक्षेप मला पटतोय, 1945 साठी मला स्वतःला पण दुसरा शब्द सुचत नाहीये. "सुटका" चालेल का? तो लहान शब्द आहे, घरातला आहे, आणि अबर्डीनबझार यांच्या आजींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी बहुतेक असंच काहीतरी म्हटलं असतं.

30 डिसेंबर कोपऱ्यात नकोच. मला एकाच भिंतीवर पाहिजे. 30 डिसेंबर, 14 जानेवारी, 30 जानेवारी, याच क्रमाने, एकाच उंचीवर. दरवर्षी 30 जानेवारीला अकरा वाजता आपण गांधीजींसाठी दोन मिनिटं उभे राहतो, त्याच दिवशी होमफ्रेगंजला पण माणसं स्मारकापाशी जमतात, हे मी कालच बाबांना सांगितलं. ते म्हणाले पुढच्या खेपेला तिकडे आधी जाऊ, जेल नंतर.

अबर्डीनबझार:

निळीशाई, सुटका चालेल.

जाणार असाल तर कळवा, रस्ता सांगतो. वाटेत कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर जपानी बंकर आहेत, सिमेंटचे, समुद्राकडे तोंड करून. पोरं त्यावर बसून आइस्क्रीम खातात. बाबांना तिथे पाच मिनिटं उतरवा.